आठ ठिकाणं आणि एक किल्ली

"सकाळी संग्रहालय, मग राजवाडा, मग ती घुमटाची इमारत. दुपारी मत्स्यालय, होडी, बाग, जुना पूल आणि सूर्य मावळताना मनोरा," नवऱ्याने लॅपटॉपवरून मान वर न करता वाचून दाखवलं. "झाला पहिला दिवस."

"पहिला दिवस नाही, पहिला आठवडा झाला," भिंगरीच्या तोंडात घास कोंबत ती म्हणाली. "आणि जेवण?"

"चालता चालता."

"आणि शू?"

नवऱ्याने लॅपटॉपकडे पाहिलं. शूला रकाना नव्हता.

पहिलाच परदेशप्रवास, तोही ऐन उन्हाळ्यात. जाणार चौघं: हे दोघं, सरळ रेषेत कधीही न चाललेली चार वर्षांची भिंगरी, आणि सासूबाई, ज्यांचे गुडघे त्यांच्या आधी दमायचे. तिला खरं तर एवढंच हवं होतं, की तिकडे कुठल्यातरी बाकावर एक अख्खी दुपार नुसतं बसून राहावं. भिंगरी झाल्यापासून तिने चहा गरम असताना प्यायला नव्हता. पण हे बोललं की नवऱ्याचं उत्तर ठरलेलं, "बसायला एवढ्या लांब कशाला? सोफा आहे की." ठिकाणांच्या प्रवेशाची तिकिटं रविवारी रात्री काढायची होती, आणि एकदा काढली की वेळ बदलता येत नव्हती.

"तू उगाच घाबरतेस," नवरा म्हणाला. "प्रत्यक्षात सगळं जमतं."

"मग जमवून दाखव. इथंच. रविवारी."

बोलून गेल्यावर तिला वाटलं, हा हसेल. तो हसला नाही. त्याचे डोळे चमकले. तासाभरात त्याने तिकडच्या राजवाड्याच्या जागी इथला टाउन हॉल, घुमटाच्या जागी वाचनालय, नदीच्या जागी तलाव आणि मनोऱ्याच्या जागी टेकडी बसवून टाकली. आठ ठिकाणं संध्याकाळपर्यंत झाली तर त्याचा कार्यक्रम पक्का. नाही झाली तर तिचा.

"आणि मधेच दमून घरी यायचं नाही," त्याने बजावलं. "तिकडे काय घर समोर असणार आहे?"

म्हणून रविवारी सकाळी घराच्या दोन्ही किल्ल्या शेजारच्या कॅशियर काकांकडे गेल्या. काका बँकेतून निवृत्त झाले होते; पण सही जुळल्याशिवाय काहीही हातातून सोडायचं नाही, ही सवय काही निवृत्त झाली नव्हती.

"दिवे लागेपर्यंत देऊ नका," नवरा म्हणाला. "कुणीही मागितली, काहीही कारण सांगितलं, तरी. हिला तर मुळीच नाही."

"लेखी द्या," काका म्हणाले.

नवऱ्याने कार्यक्रमाच्या एका प्रतीवरच तसं लिहून खाली सही ठोकली. काकांनी ती दोनदा वाचली आणि किल्ल्यांसकट खिशात घातली.

संग्रहालयात सगळं छान चाललं होतं. नवरा घड्याळ बघत होता, भिंगरी एका दगडी हत्तीच्या पायाला मिठी मारून बसली होती. सासूबाईंनी बाकावर टेकत सहज विचारलं, "गॅस बंद केलास ना गं?"

ती भिंगरीला हत्तीच्या पायापासून सोडवू लागली.

"दूध," ती म्हणाली. "दूध ठेवलं होतं."

"कधी?"

"आज. की काल? आई, मी निघताना कुठे होते?"

"भिंगरीचा बूट शोधत होतीस."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी दुसरा बूट."

"बंद केला असशील," नवरा म्हणाला. "चल, टाउन हॉलला उशीर होतोय."

"असशील? 'असशील' म्हणून मी तुझ्या टाउन हॉलच्या पायऱ्या चढू?"

रिक्षा करून सगळे घरी आले. आधी तिने दाराच्या फटीला नाक लावलं, मग सासूबाईंनी, मग नवऱ्याने.

"जळकं येतंय," ती म्हणाली.

"रंगाचा वास आहे तो दाराच्या," नवरा म्हणाला.

"मला तर काहीच येत नाही," सासूबाई म्हणाल्या, "पण मला सर्दी आहे."

भिंगरी म्हणाली, "मला शू."

शेजारी काकांच्या दाराला कुलूप. फोन लावला, तर तो त्याच दारामागे वाजू लागला. हरवू नये म्हणून काका फोन घरीच ठेवत. खाली वॉचमन खुर्चीत पेंगत होता.

"काका? ते मघाशीच गेले की. हातात तुमचाच कागद होता. म्हणाले, एवढा झकास कार्यक्रम आखलाय, मी तरी घरात बसून काय करू?"

भिंगरीचं काम वॉचमनच्या खोलीमागे उरकलं, आणि तिथून धावाधाव सुरू झाली. काका संग्रहालयाच्या दारातून बाहेर पडताना बसमधून दिसले, पण बस पुढच्या थांब्याशिवाय थांबेना. टाउन हॉलमध्ये पोचले तर काका मागच्या दाराने पसार. वाचनालयात ती "काका!" म्हणून ओरडली, तेव्हा पन्नास माणसांनी मान वर केली आणि काकांची पांढरी टोपी तेवढी वळणावर दिसेनाशी झाली. मत्स्यालयात ते अगदी समोर होते, पण मधे माशांची टाकी. तिने काचेवर थाप मारली. एक जाडा मासा घाबरला. काकांनी हात केला आणि लगबगीने निघाले.

"एवढी घाई कसली त्यांना?" ती धापा टाकत म्हणाली.

"वेळेवर आहेत," नवरा कौतुकाने म्हणाला. त्याने चौथ्या ठिकाणावर खूण केली.

"तू खुणा करतोयस? घर जळतंय आणि तू खुणा करतोयस?"

"आलोच आहोत तर."

तलावावर पोचेपर्यंत काका होडीत, तेही मधोमध. चौघांनी दुसरी होडी घेतली. नवऱ्याने वल्ही मारली आणि ती उभी राहून किल्ली फिरवल्याची खूण करू लागली. सासूबाईंनी तिचा पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला. काकांनी तिकडून पाहिलं, घड्याळ बघितलं आणि आपल्या नावाड्याला काहीतरी सांगितलं. त्यांची होडी सुसाट सुटली. बागेत काका नव्हते, पलीकडच्या फाटकातून बाहेर पडणारी त्यांची टोपी तेवढी दिसली. पुलावर या टोकाला हे, त्या टोकाला ते.

शेवटी टेकडीवर, सूर्य नारिंगी झालेला असताना, काका रेलिंगला टेकून घाम पुसताना सापडले.

"काका, किल्ली!"

"दिवे लागले नाहीत अजून."

"काका, गॅस चालू राहिलाय!"

काकांनी कागद काढला, चष्मा लावला. "'काहीही कारण सांगितले तरी.' खाली सही. तुमचीच ना?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

नवऱ्याने मान डोलावली. सूर्य निवांत चालला होता. तिने आयुष्यात कधी सूर्याला "आटप की रे!" म्हटलं नव्हतं, ते त्या दिवशी म्हटलं. अखेर खाली गावात पहिला दिवा लुकलुकला आणि काकांनी किल्ल्या तिच्या तळहातावर ठेवल्या, एकेक मोजून.

घरी गॅस बंद होता. बटणही बंद, रेग्युलेटरही बंद. दुधाचं पातेलं घासून ओट्यावर पालथं घातलेलं होतं. सासूबाई गुडघे धरून बसल्या आणि नवऱ्याने बूट न काढताच लॅपटॉप उघडला.

"आठच्या आठ," तो म्हणाला. "तूच पाहिलंस. काढू तिकिटं?"

ठरल्याप्रमाणे ती हरली होती. तेवढ्यात कागद परत द्यायला काका आले आणि भिंगरीसमोर वाकले. "काय गं, आज काय काय पाहिलंस?"

"टोपी."

"अगं, आणि मासे?" नवऱ्याने घाईघाईने विचारलं.

"माशांच्या मागे टोपी."

"होडी?"

"होडीत टोपी. बागेत पण टोपी." भिंगरीने जांभई दिली. "हत्ती पाहिला. तेव्हा टोपी नव्हती."

"माझंही तसंच हो," काका म्हणाले. "संग्रहालय तेवढं आरामात झालं. पुढे जिथं टेकावं तिथं तुम्ही मागून हाका मारताय, हात करताय. म्हटलं, 'पुढे व्हा' म्हणताहेत, आपल्यामुळे यांचं वेळापत्रक चुकतंय. पळत सुटलो. पाय भरून आलेत नुसते."

नवऱ्याने काकांकडे पाहिलं, मग भिंगरीकडे, मग स्क्रीनवरच्या आठ ओळींकडे. बोट बराच वेळ तिकिटाच्या बटणावर होतं. मग एकेक ओळ पुसली जाऊ लागली. दोन उरल्या.

"दुपारी काय लिहू?" त्याने हळूच विचारलं.

"काही नाही."

त्याने दुपारच्या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं, आणि त्याखाली, कुणी न सांगता, 'शू'.

ती खुर्चीत मागे रेलली. सासूबाईंनी चहाचा कप तिच्या हातात दिला, चांगला वाफाळता. तिने तो ओठांपर्यंत नेला, थबकली, तसाच खाली ठेवला आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

"आता काय राहिलं?" नवऱ्याने विचारलं.

"चहा झाल्यावर आईंनी गॅस बंद केला का, ते बघते."