लुगड्याचं यमक

सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली आणि वलगावच्या पुंजारामच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्या दिवाळीला त्याने अमरावतीहून घरच्यांसाठी गाडी भरून आणली. आईला शाल, बायकोला चोळी आणि माहेरी आलेल्या धाकट्या बहिणीला, शकुनला, लुगडं.

बायको जमुना पहाटे जात्यावर बसली की घरात घडलेलं सगळं ओवीत घालायची. दर ओवीची सुरुवात 'गाडी आली अमरावतीची' अशी, पुढे वस्तू आणि यमक. शालीला 'लाल' जुळलं, चोळीला 'भोळी'. शकुनच्या ओवीपाशी मात्र जातं थांबलं. बऱ्याच वेळाने पुन्हा फिरू लागलं.

"गाडी आली अमरावतीची,
शकुनबाईले पाटल्या,
गोऱ्या मनगटी दाटल्या."

कुडापलीकडे शेजारीण माणिकबाई दळत होती. तिने ते विहिरीवर नेलं, विहिरीवरून ते गावभर गेलं. दुपारी शकुनला न्यायला तिचा नवरा उत्तमराव आला, तेव्हा वेशीपासून घरापर्यंत पाच जणांनी त्याला पाटल्यांबद्दल सांगितलं. ओसरीवर टेकताच तो म्हणाला, सासरची माणसं चिक्कू आहेत असं आजवर उगाच वाटत होतं. मग त्याने पाटल्या पाहायला मागितल्या.

सोनाराकडे आहेत, संध्याकाळी येतील, असं सांगून पुंजाराम आत गेला.

"काहून गायली तू पाटल्या?"

"लुगड्याले काही जुळूनच नाही राहिलं."

"काहीच नाही?"

"एकच जुळते," जमुना हळूच म्हणाली. "उघडं."

सख्ख्या बहिणीबद्दल हे गाण्यासारखं नव्हतं, एवढं पुंजारामला कबूल करावं लागलं. त्याने गाडी जुंपली.

संध्याकाळी खरोखरीच पाटल्या आल्या. शकुन त्या घालून आणि लुगडंही घेऊन सासरी गेली. पुंजारामने घरात ताकीद दिली की उद्यापासून ओवी बंद, नुसतं दळायचं. जमुनाने मान डोलावली.

दुसऱ्या पहाटे जमुना मुकाट्याने दळू लागली. तेवढ्यात पुंजारामची आई पार्वताबाई तिच्यासमोर येऊन बसली. गुडघे धरल्यापासून पाच वर्षांत तिने जात्याला हात लावला नव्हता. तिने खुंटा धरला, घसा साफ केला आणि आवाज चढवून गायला लागली.

"गाडी आली अमरावतीची,
आईले सोन्याची सरी,
लेक घेऊन आला घरी."

कुडापलीकडलं जातं थांबलं. अंथरुणावर पुंजारामने डोळे उघडले आणि गाडीच्या बैलांना वैरण टाकायला उठला.