फुकट बसचे बबनतात्या

आमच्या आकुर्डीच्या बसथांब्यावर परीक्षा जवळ आल्या की कॉलेजच्या पोरांना 'रिलिव्हर' आणावा लागतो. म्हणजे ज्याचं शेवटचं वर्ष आहे, त्याने आपली बसमधली जागा एखाद्या ज्युनिअरच्या ताब्यात द्यायची, त्याला दोन दिवस शिकवायचं आणि मगच पदवीधर व्हायचं. हा नियम ना महापालिकेचा, ना बसवाल्यांचा. तो बबनतात्या काळोख्यांचा आहे.

तात्या इथल्या मूळ गावचे. शेतावर कारखाना आला, तसे तात्याही कारखान्यात गेले आणि तीस वर्षं कंपनीच्या बसने हिंडले. त्या बसमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली. माणूस रजेवर गेला तरी त्याच्या जागेवर दुसरा बसत नसे. तात्या रिटायर झाले आणि इकडे पंचविशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना महापालिकेची बस फुकट झाली. तात्यांनी लगेच तिचा चार्ज घेतला. तो त्यांना कोणी दिला, हे विचारायची आमची अजून हिंमत झालेली नाही.

सकाळी साडेसहाला कंपनीचा निळा युनिफॉर्म कडक इस्त्री करून तात्या हजर. "फस्ट शिफ्ट फुडं, जनरल मागं!" पहिल्या लेक्चरची पोरं मुकाट पुढे सरकतात. कोणी कानात हेडफोन घातले असले तर, "काढ ते. भोंगा कसा ऐकू यायचा?" कसला भोंगा, ते त्या बिचाऱ्याला कळत नाही, पण तो काढतो.

पासही तेच तपासणार. "फुकट हाय म्हून काय झालं? फुकटाला शिस्त डबल लागती." पंचविशी उलटलेल्या एका पीएचडीवाल्याला त्यांनी जन्मतारीख बघून असा रांगेबाहेर काढला, की गडी दुसऱ्या दिवसापासून दुचाकीवर यायला लागला. मी रोज तिकीट काढून ऑफिसला जाणारा. माझ्याकडे तात्या मी कंत्राटी कामगार असल्यासारखं बघतात.

मागच्या सोमवारी बस भरली, ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं आणि तात्या समोर आडवे उभे राहिले. "थांबा. एक यायचंय अजून."

दोन मिनिटं गेली, चार गेली. कुणाची तरी चाचणी होती, पोरं कुरकुरायला लागली. मीही खिडकीतून ओरडलो, "तात्या, ही तुमच्या कंपनीची बस नाहीये!" त्याची आता लाज वाटते.

तेवढ्यात चाळिशीची एक बाई धापा टाकत आली. तात्यांची थोरली मुलगी, मंगल. दोन लेकरांची आई, खांद्याला नवी कोरी सॅक. तिने चढताच कॉलेजचं ओळखपत्र पुढे केलं. कंडक्टरने ते बघितलं आणि तो अवघडून म्हणाला, "ताई, पंचवीसच्या आतल्यांनाच फुकट आहे."

सगळी बस तात्यांकडे बघू लागली.

तात्या दारापाशी आले. आवाज बसलेला. "हिचं वय धरू नका, सायेब. अठराव्या वर्षी ही अशीच कालेजला निघाली व्हती. घरी यायला अंधार व्हतो म्हून मीच हाताला धरून बसमधनं खाली उतरवली. मधली वर्सं माझ्या नावावर टाका."

मी खिडकीतून डोकं आत घेतलं.

"ऱ्हाऊ द्या तात्या," मंगल म्हणाली. तिने स्वतःच तिकीट काढलं आणि दारातून वाकून हळूच सांगितलं, "आज प्रॅक्टिकल हाय. यायला अंधार व्हईल मला."

"व्हऊ दे," तात्या म्हणाले. "मी हितंच हाय."