बाईंचं बिऱ्हाड

रंगनाथ कडूस सोमवारी वारले. गोदामाच्या दारात स्टुलावर बसले होते, तिथून उठले नाहीत. दुपारी आम्ही त्यांना गोदावरीवर नेलं.

बातमी सांगायला वसाहतीत फिरलो तेव्हा "कशानं गेले?" असं फारसं कुणी विचारलं नाही. "आणि साप कुठाय?" असं विचारलं. माणूस गेल्यावर त्याच्यामागे कोण आहे याची चौकशी करायची आपल्याकडे रीत आहे, ती लोकांनी पाळली म्हणायची. क्वार्टरच्या ओट्यापर्यंत सगळे आले. उंबरा ओलांडायला मात्र आम्ही चौघेच निघालो. साप आपल्या जागी होता. बहुधा झोपला होता. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

रंगनाना आमच्या साखर कारखान्याचे गोदाम कीपर, मी वसाहतीच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. आमच्या दोन क्वार्टरांत एकच भिंत होती. पुस्तकाशी ज्याचा दुरून संबंध असेल त्याला वसाहतीत मास्तर म्हणतात, म्हणून मी मास्तर. नाना एकटे राहत. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर "सवड न्हाई मिळाली" म्हणत. गोदामात तसं काम फार होतं असं नाही.

बाई त्यांना गोदामातच मिळाल्या. रिकाम्या पोत्यांच्या थप्पीत हमालांना वीतभर पिल्लू दिसलं आणि चार जण फावडी घेऊन धावले. वीतभर जिवाला चार फावडी. कारखान्याला मनुष्यबळाची कधीच वाण नव्हती. नानांनी डोक्यावरची टोपी काढून पिल्लू तिच्यात घेतलं आणि हमालांना म्हणाले, "तस्कर हाय. इख न्हाई त्याला. तुमच्या जिभंला हाय तेवढं बी न्हाई."

त्या दिवसापासून ते पिल्लू बाई झालं. "साप" हा शब्द नानांनी पुन्हा उच्चारला नाही. बाई जेवल्या, बाईंनी कात टाकली, बाईंचं आज मन नाही. मादीच कशावरून, असं मी एकदा विचारलं. नाना म्हणाले, "बसन्यावरनं." पुढे विचारण्याची माझी हिंमत झाली नाही. बाईंचं जेवण गोदामातून येई. साखरेच्या आवकीत खंड पडला तरी उंदरांच्या आवकीत कधी पडला नाही.

लहानपणी बाईंचं बिस्किटाच्या डब्यात भागलं. दोन-तीन वर्षांत त्या चार फूट झाल्या आणि नानांनी चहाचं खोकं आणून त्यावर फळी आणि फळीवर पाटा ठेवला. अंगठा जाईल एवढ्या फटीतून बाई जात, आणि पाटा ठेवला की फळीला नेमकी तेवढी फट पडे. एका सकाळी त्या वसाहत अधिकारी कुलथे साहेबांच्या न्हाणीघरात निघाल्या. बंबाच्या उबेला वेटोळं करून बसल्या होत्या. कुलथे साहेब अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत अंगणात आले. वसाहतीनं साहेबांना एवढं जवळून पूर्वी पाहिलं नव्हतं.

कोरडे झाल्यावर साहेबांनी हुकूम काढला. "कडूस, पंचमीच्या दिवशी मी स्वतः येऊन बघणार. जनावर पक्क्या पेटीत दिसलं पाहिजे. नाही तर ते क्वार्टर सोडेल, नाही तर तुम्ही."

"मंग दोघंबी सोडू," नाना म्हणाले.

पण संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, बाईंना जागा बघायची. येताल का?"

मी गेलो. पावसानं त्या वर्षी पाठ फिरवली होती, वसाहतीत धूळ आणि पाण्याच्या रांगा सोडून बघण्यासारखं काही नव्हतं, आणि रविवारी वाचनालयात कुणी येत नसे. इतर दिवशीही येत नसे, पण रविवारी तसा नियम होता.

जागा कशी हवी याबद्दल नानांचे विचार पक्के होते. "अंग सरळ केलं तर नाकाला भित लागू नये. एक कोपरा उबदार पायजे, एक गार. लपाया आडोसा दोन्हीकडं पायजे. न्हाई तर ऊब पायजे म्हून लाज सोडायची, का आडोसा पायजे म्हून गारठायचं? हवा पायजे. पान्याचं भांडं असं की त्यात बसता यावं. आन दार असं की आपल्याला उघडावं, त्यांना न्हाई. आता लई मोठी जागा बी नको, मास्तर. मोठ्या जागंत एकटा जीव बावरतो."

मी स्वतः ज्या दोन खोल्यांत संसार केला त्या घेताना यातलं एकही कलम तपासलं नव्हतं.

आम्ही आधी नगरला गेलो. लष्कराच्या लिलावातलं सामान विकणारा एक मुसलमान चाचा होता. त्यानं दारूगोळ्याची एक लांबट हिरवी पेटी पुढे ओढली, पोऱ्याला चहा सांगितला आणि म्हणाला, "बैठो नाना. चाय पियो."

"आधी आतलं दावा," नाना म्हणाले. "मग च्या."

झाकण उघडलं. नानांनी बाही वर करून हात आत घातला, चाचाला झाकण हातावर टेकवायला लावलं आणि डोळे मिटले. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. मी शेजारच्या दुकानातल्या फुटक्या टेलिफोनात रस असल्याचं दाखवलं.

"हवा न्हाई," डोळे न उघडता नाना म्हणाले.

"अरे नाना, इसमें से तोप का गोला बाहर नहीं आया, तुम्हारा साँप क्या आएगा!"

"गोळ्याला श्वास लागत न्हाई, चाचा."

चहा न घेता आम्ही उठलो. चाचा दोन्ही चहा स्वतः प्याला आणि आम्हाला आशीर्वाद द्यावेत तसं काहीतरी पुटपुटला.

पुढच्या रविवारी कोपरगावात बंद पडलेल्या एका मिठाईच्या दुकानातलं काचेचं कपाट पाहिलं. काच चारही बाजूंनी.

"काय ठेवणार यात?" दुकानदारानं विचारलं.

"घरातलंच मानूस."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. एव्हाना मलाही त्यात वावगं वाटेनासं झालं होतं. नाना कपाटाभोवती फिरले, खाली बसून आतून बाहेर दिसतं तसं पाहायचा प्रयत्न केला. "हे घर न्हवं. हितं बसून काय करायचं? लोकांनी बघायचं आन आपन बघून घ्यायचं." चहा पुन्हा राहिला.

मग एका विधवा बाईंचं दुधाचं जाळीचं कपाट. "आत गुदमरायला होत न्हाई ना?" असं नानांनी विचारलं. "दुधाला?" असं मालकिणीनं विचारलं. तिथून आम्हीच घाईनं निघालो.

मुलीला स्थळ बघणारे बाप मी पाहिले आहेत. ते घर एकदा बघतात, मुलाचा पगार दोनदा विचारतात आणि जेवून येतात. नाना सापाच्या पेटीला जेवढा वेळ देत होते तेवढा देणारा बाप काही माझ्या पाहण्यात नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. एरवी माझ्या टोमण्यांवर हसणारे नाना त्या वेळी हसले नाहीत.

पंचमी दोन दिवसांवर आली. पेटी मिळाली नव्हती. वसाहतीतल्या बायकांना वेगळीच चिंता होती: पंचमीला घराशेजारी जिवंत देव असताना वारुळापर्यंत पायपीट का करायची? नाना सगळ्यांना सांगून थकले की हा नाग नव्हे आणि देव तर नव्हेच. बायका म्हणाल्या, "असू द्या की. जवळचा आहे ना?"

त्या रात्री नाना ओट्यावर आले. "मास्तर, उद्या पाथर्डीकडं एक जागा बघायची. पहाटंच्या यष्टीनं. याल?"

मी मनात म्हटलं, पाथर्डीच्या उजाड माळावर पेटी कोण ठेवून बसलंय? पण वेडात एकदा सामील झाल्यावर मुक्कामाला पोचल्याखेरीज उतरता येत नाही.

यष्टीनं नगर, तिथून पाथर्डी, आणि पुढे धुळीत पायी. नानांच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं होतं. गावाच्या टोकाला एक घर आलं. ओसरी सारवलेली, भिंतीला गेरूची पट्टी, बाज टाकलेली. एक पुरुष दोरखंड वळत बसला होता. दारात त्याची आई. नानांना बघून म्हातारीनं पदर सावरला.

"आलं का पावनं? म्या म्हनलंच, आज याला पायजे. दरसाल येत्यात, वसरीवर च्या पित्यात, लुगडं ठिवत्यात आन जात्यात. बसा. ये हौसा, च्या टाक गं, भाव आलाय तुजा!"

आतून भांड्याचा आवाज आला. माणूस आलं नाही.

मी खाली बसलो. नाना उभेच राहिले.

"दाजी," ते त्या पुरुषाला म्हणाले, "औंदा पंचमीला हौसाला न्यायचंय."

दाजींनी दोरखंडाकडे पाहत उत्तर दिलं, "खडीचं काम लागलंय. हजेरी बुडती."

"दरसाल कायतरी बुडतंच," म्हातारी म्हणाली. "मूल ना बाळ, तिला म्हायेर कशापाई? तुमी च्या घ्या की."

"आधी आतलं दावा," नाना म्हणाले.

"काय?"

"आतलं. घर."

"अवो, लगीन हून जमाना झाला! आता काय बघायचंय?"

नानांनी टोपी काढली आणि दारातून आत गेले. म्हातारी मागून, दाजी तिच्यामागून, आणि माझं काही काम नसताना मी.

माजघराच्या पलीकडे एक खोली होती. वैरण रचलेली, एका कडेला जातं, खिडकी नाही. जात्याजवळ एक बाई बसली होती. चाळिशीची असेल, नानांचंच नाक. नाना तिच्याशी बोलले नाहीत. त्यांनी भिंतीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. चाचाच्या पेटीत ठेवला होता तसाच. मला त्या दिवशी नगरला टेलिफोन बघत उभा राहिल्याची आठवण झाली आणि ती बरी वाटली नाही.

"हवा न्हाई," नाना म्हणाले.

"दादा," ती म्हणाली, "तू आत आलास व्हय?"

"चल."

म्हातारी बरंच बोलली. त्यातलं मोजकंच इथे लिहिता येईल. दाजी म्हणाले, "दोन दिसांत आनून घाला." नाना म्हणाले, "बघू." तिचं गाठोडं बांधायला वेळ लागला नाही. पुडक्यातलं लुगडं तिनं त्यातच ठेवलं.

नगरच्या स्टँडवर नानांनी केळी घेतली. हौसाबाईंचा भावाचा उपास होता. पंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडच्या बायका भावाच्या आयुष्यासाठी धरतात तो. नानांनीही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. दोघं बाकावर शेजारी बसून केळी खात होती, मी जरा लांब. नाना केळ्याचं साल सोलता सोलता मला म्हणाले, "वडील न्हवते. घर बघाया मीच गेल्तो, मास्तर. वसरी चांगली हुती. च्या पिलो, हो म्हनलं, आलो."

वाचनालयात एवढी पुस्तकं आहेत, त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

यष्टीत हौसाबाईंनी विचारलं, "दादा, तुझ्या घरात सरप हाय म्हनं?"

"हाय."

"चावतो?"

"न्हाई."

"बोलतो?"

"न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

पंचमीच्या सकाळी मी वाचनालय उघडलं आणि ज्ञानकोशाचं कपाट रिकामं केलं. सागवानी, लांब, पुढून काच, पाठीला लाकूड. आडवं केलं की अंग सरळ करता येईल असं. ज्ञानकोश कुणी कधी उघडला नसल्यामुळे त्याला जमिनीवर ठेवल्यानं कुणाची गैरसोय झाली नाही. हमालांनी कपाट नानांच्या क्वार्टरमध्ये पोचवलं. हे तेच चार जण. या वेळी फावडी नव्हती. सुतारानं बाजूला भोकं पाडून जाळी मारली. एका टोकाला, भिंतीपलीकडे आमची चूल येते तिथे, ऊब आपोआप मिळाली. नानांनी हात घालून डोळे मिटले. मी श्वास रोखून उभा होतो.

"जमतंय," ते म्हणाले. मला एखादी पदवी मिळाल्यासारखं वाटलं.

दहाच्या सुमाराला कुलथे साहेब आले, मागे कुलथे वहिनी दूध-लाह्या आणि हळद-कुंकू घेऊन. साहेबांनी कडी ओढून पाहिली, चार पावलं मागे सरून लांबून पुन्हा पाहिली. "ठीक आहे," म्हणाले. त्यांचा आवाज जरा पातळ आला.

वहिनींनी काचेला कुंकू लावलं. "नाना, एवढं दूध पाजते हां देवाला."

"वहिनी, त्यांना दूध चालत न्हाई," नाना म्हणाले. "हौसाला द्या."

हौसाबाईंनी दूध दोन्ही हातांनी धरलं. सगळ्या बायका बघत होत्या. त्या कुणाकडे न बघता प्याल्या.

दोन दिवसांचे पुढे किती झाले ते कुणी मोजलं नाही. दाजी एकदा न्यायला आले. नानांनी त्यांचा पाट मानानं कपाटासमोर मांडला आणि त्याच वेळी बाईंच्या जेवणाची वेळ झाली. दाजी पाणी न पिता गेले ते परत आले नाहीत. हौसाबाई कारखान्याच्या पाहुणेघरात भाकऱ्या करू लागल्या. पहिल्या महिन्यात त्या बाईंपासून लांब झोपत. पुढे दुपारी त्या काचेपाशी बसून निवडटिपण करत, तेव्हाचं त्यांचं बोलणं मी ऐकलं आहे. आमची भिंत एकच असल्यामुळे इलाज नव्हता. सासरचं सगळं त्या बाईंना सांगत. नानांना त्यांनी त्यातलं किती सांगितलं, मला माहीत नाही. नाना त्या वेळी ओट्यावर येऊन बसत आणि मी काही बोलायला लागलो की हातानं थांबवत.

क्वार्टर कारखान्याची आहे. महिनाअखेर रिकामी करायची आहे. मी आणि हौसाबाई रविवारी गावात खोली बघायला जातो. अजून मिळालेली नाही. घरात आता त्या आणि बाई, अशा दोघी आहेत.