आबांची शुगर माझ्या नावावर

आधीच माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकलं तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. राग मात्र अस्सल आहे, त्यात भेसळ नाही.

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बरीच वर्षं शुगर आहे. गोळ्या चालू आहेत (आठवण आली तर). ओतूरचे डॉक्टर दरवेळी सांगत, "रखमाजी, वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्या. शुगर डोळे खाते आणि दुखत नाही, म्हणून कळतही नाही." आबा मान हलवत आणि बाहेर येऊन म्हणत, "मला समोरच्या डोंगरावरची शेरडं मोजता येत्यात."

मग एक दिवस दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या शर्टाला आबा म्हणाले, "या पावणं, बसा."

तेव्हाच मी ठरवलं, आबांना जुन्नरला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं. (आयुष्यात मी ठरवलेली ही दुसरी गोष्ट. पहिली, शाळा सोडणं.)

आबा ऐकेनात. यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीत घाटाच्या, म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या, शेवटच्या रेषेवर झेंडा पाडायचा मान त्यांचा. गाडा रेषेवर आला रे आला की झेंडा पडला पाहिजे. आबांचे डोळे तपासले हे गावात कळलं, तर झेंडा कुशाबाकडं जाणार. कुशाबा आमचा शेजारी, आणि टपलेलाच. शेवटी गुपचूप जायचं, या अटीवर आबा निघाले.

दवाखान्यात बाकावर माणसं डोळे मिटून ओळीनं बसली होती आणि सिस्टर बाटली घेऊन एकेकाच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घालत पुढं सरकत होत्या. आबा बुजले.

"आदी तू बस."

"आबा, मला काय झालंय?"

"बैलाला औषीद पाजताना आदी जोडीतला गरीब बैल धरत्यात. मंग दुसरा बिथरत न्हाई. बस!"

गरीब बैल डोळे मिटून बसला, नुसतं दाखवायला. तेवढ्यात कुणीतरी पापण्या वर ओढल्या आणि दोन्ही डोळ्यांत गार थेंब पडले.

"सिस्टर, मी पेशंट नाही!" मी ओरडलो. (म्हणजे पुटपुटलो. मला ओरडता येत नाही.)

"मग ओळीत डोळे मिटून काय करत होता, भाऊ?"

मी बाहीनं डोळे पुसले. आबा मात्र खूश होऊन शेजारी बसले आणि त्यांनीही थेंब घालून घेतले.

आत डॉक्टरांनी आबांचे डोळे बराच वेळ तपासले. "बाबा, पडद्यावरच्या रक्ताच्या नळ्या गळायला लागल्यात. गेलेली नजर परत येत नाही, पण आहे ती वाचवता येईल. शुगर आटोक्यात ठेवा आणि लेझर करून घ्या. उद्याच या."

"आन् न्हाई आलो तर?"

"तर ताटातली भाकरी चाचपत बसाल."

आम्ही एसटीनं परत निघालो. गावात उतरलो तेव्हा त्या थेंबांमुळं दोघांनाही उन्हात काही दिसत नव्हतं. मी वाटेत एक काळा चष्मा घेतला होता, आबांसाठी. समोर कुशाबाचा आवाज ऐकताच आबांनी तो माझ्या नाकावर चढवला आणि स्वतःची टोपी डोळ्यांवर ओढली.

"काय झालं रं अमृतला?"

"काय सांगू कुशाबा," आबा म्हणाले, "पोराला शुगर निघाली. डोळ्यांवर आलीया. उद्या लेझर हाय, मी घेऊन जातोय."

मी! ज्याची साखर आजवर चहाच्या कपाबाहेर गेली नाही!

घरी मी भांडलो. "आबा, गावाला खरं सांगा, नाहीतर मी सांगतो."

"सांग. मग मी उद्या येत न्हाई. आंधळा व्हतो."

आई म्हणाली, "अरं, एकदा लेझर होऊ दे. मंग काय भांडायचं ते भांड."

त्याच संध्याकाळी महाळुंगे पडवळच्या स्थळाकडून मुलीचा फोटो मोबाइलवर आला. मी जवळ धरला, लांब धरला. मला धुक्यात एक साडी दिसली. साडी चांगली होती. पाठोपाठ मुलीच्या मामांचा फोन आला. गावची बातमी आमचा तालुका ओलांडून त्यांच्या आंबेगाव तालुक्यात पोचली होती.

"पोरगं गुणाचं हाय वो," मामा म्हणाले, "पण एवढ्या कमी वयात डोळं गेलं म्हणजे..."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. आबांनी विनवणी केल्यासारखं माझ्याकडं पाहिलं. म्हणजे माझ्या शेजारच्या कांद्याच्या पोत्याकडं पाहिलं. ते बघून माझं तोंड मिटलं. स्थळ गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळा चष्मा लावून मी आबांना घेऊन थांब्यावर उभा राहिलो. निम्मं गाव जमलं होतं. कुशाबाच्या बायकोनं, लंकाबाईंनी, तांब्याभर कारल्याचा रस आणला होता. डॉक्टरांनी असलं काही सांगितलं नव्हतं, पण "पी रं लेकरा" म्हटल्यावर प्यायलो. एसटी गच्च भरून आली. कुशाबा खालून ओरडला, "पेशंट हाय, जागा द्या!" एक मावशी उठल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी कुणीतरी उठलं होतं. मी टेकणार, तोच कंडक्टरनं विचारलं, "काय झालंय ह्यांना?"

"शुगर," मी म्हणालो. (चक्क मोठ्यानं.)

"मग बसता काय राव? शुगरवाल्यानं उभं ऱ्हावं, व्यायाम व्हतो. आजोबा, तुमी बसा."

आबा बसले आणि शेजारच्याला सांगू लागले, "आजकालच्या पोरांना दमच न्हाई बघा." मी जुन्नरपर्यंत दांड्याला लोंबकळत व्यायाम केला, कारल्याचे ढेकर देत.