त्र्याण्णव सालची रजा

कुपवाडच्या आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात मॅनेजर लोकांना गेल्या दिवाळीपासून मागच्या सालात रजा मिळू लागली.

कारण साधं होतं. दसऱ्याला कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेचं सॉफ्टवेअर घेतलं आणि मॅनेजरांची झोप उडाली. उत्पादन विभागाचे चौगुले स्क्रीनसमोर बसण्याआधी चपला काढून ठेवू लागले. मी क्वालिटीला आहे. मला काही विचारायचं झालं तर मी आधी ‘वेळ आहे का?’ असं टाइप करायचो. मालकांनी पुण्याहून एक बाई बोलावल्या. त्यांनी आम्हाला फुग्यांवर आपापली भीती लिहायला लावली आणि मग फुगे फोडायला लावले. फुगे फुटले. भीती राहिली. चौगुल्यांची तर आवाजाने वाढली.

मग एचआरच्या खाडिलकर मॅडमनी ही रजा काढली. आपण इथे नोकरी केलेलं कुठलंही साल मागायचं. सकाळी मागच्या गेटवरून बस सुटते, संध्याकाळी परत आणून सोडते. नियम थोडेच. त्या दिवशी त्या सालातले आपण बाहेरगावी दौऱ्यावर असलो पाहिजे, कारण एकाच माणसाची दोनदा हजेरी लागत नाही. आणि तिथल्या कोणाला पुढचं काही सांगायचं नाही.

मी सत्त्याण्णवला जाऊन आलो. कँटीनमध्ये बसून उप्पीट खाल्लं, आमचा जुना शिपाई कुणावर तरी ओरडत होता ते ऐकलं आणि बरं वाटून परत आलो. बहुतेकांचं असंच झालं. आरवाडेंचं मात्र वेगळं झालं.

जिनदत्त आरवाडे खरेदी विभागाचे मॅनेजर. सॉफ्टवेअर आल्यापासून मालाच्या ऑर्डरी तेच तयार करायचं आणि आरवाडेंनी फक्त ‘मंजूर’ दाबायचं. ते बटण आरवाडे फार सावकाश दाबायचे, म्हणजे दिवस भरायचा.

ते खाडिलकर मॅडमकडे गेले तेव्हा मी तिथेच होतो.

“त्र्याण्णव द्या,” आरवाडे म्हणाले.

“त्र्याण्णवला गर्दी आहे हो. सगळ्यांना कॉम्प्युटरच्या आधीचंच पाहिजे. दोन हजार चार बघा की, मोकळं आहे.”

“दोन हजार चारला मगदूम साहेब नव्हते.”

मॅडमनी त्र्याण्णव दिलं.

मगदूम साहेब म्हणजे आरवाडेंचे पहिले साहेब. खरेदीतलं सगळं आरवाडे त्यांच्याकडे शिकले. त्र्याण्णव साली ऑफिसात पहिला कॉम्प्युटर येणार असं ठरलं आणि तो यायच्या आधीच मगदूम साहेबांनी राजीनामा दिला. कोणी मागितला नव्हता. पुढे ते रोज सांगलीच्या आमराई बागेत बाकावर बसायचे आणि आमच्यापैकी कोणी दिसलं की विचारायचे, “काय म्हणतोय कारखाना?” असं विचारता विचारताच ते गेले.

आरवाडे बसमधून उतरले तेव्हा तरुण आरवाडे राजकोटला गेलेले होते. ऑफिसात टाइपरायटर चालू होते. खिडकीजवळ मगदूम साहेब पांढऱ्या शर्टात बसले होते, खिशाला दोन पेनं. आरवाडे दारातच थांबले. त्यांना वाटलं होतं आपण लांबून बघू आणि कँटीनला जाऊ.

“आरवाडे? ये की. उभा का?” मगदूम साहेब म्हणाले. “पोट सुटलंय रे तुझं. राजकोटला एवढं काय खाल्लंस?”

“साहेब, मी रजेवर आलोय. पुढच्या सालातून.”

“असं होय. बस मग. चहा घेणार ना?”

चहा आला. मगदूम साहेबांनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत.

“तो कॉम्प्युटर येतोय,” ते हळूच म्हणाले. “एवढ्या वर्षांचे दर, माल देणाऱ्या पार्ट्या, कोण कसा बोलतो, सगळं माझ्या डोक्यात आहे. ते त्याच्यात गेल्यावर मला कशाला ठेवतील? हाकलून देण्याआधी आपणच उठावं असं म्हणतोय. तू पुढचा माणूस आहेस. सांग, काय होतं माझं?”

आरवाडेंना नियम ठाऊक होता. ते म्हणाले, “साहेब, चहा झाला की जरा माझ्याबरोबर बसने येता का?”

दुपारच्या आधीच दोघं आमच्या ऑफिसात आले. मगदूम साहेबांनी गेटवर व्हिजिटर म्हणून पास घेतला. खाडिलकर मॅडम खाली धावत आल्या.

“आरवाडे, तुम्ही यांना पुढचं सांगितलंत?”

“नाही मॅडम. सांगितलं काहीच नाही. दाखवायला आणलंय.”

मॅडमनी नियम पुन्हा मनात म्हटला. “मग चालतंय,” त्या म्हणाल्या. “पण संध्याकाळच्या बसने परत पाठवा.”

मगदूम साहेब आरवाडेंच्या खुर्चीत बसले. आरवाडेंनी त्यांना सॉफ्टवेअर दाखवलं. त्याने बघता बघता ऑर्डर बनवली, पार्टीला पत्र लिहिलं आणि आणखी काही मदत हवी का म्हणून विचारलं. मी आणि चौगुले दारात उभे होतो. मगदूम साहेबांनी सगळं बघून घेतलं आणि चष्मा काढून पुसला.

“म्हणजे कॉम्प्युटर येऊन एवढी वर्षं झाली.”

“हो साहेब.”

“आणि मग हे आलं.”

“हो.”

“आणि तू अजून खरेदीतच आहेस? ही खुर्ची, हे टेबल, तुझंच?”

“माझंच.”

मगदूम साहेब इतक्या मोठ्याने हसले की अकाउंट्समधली माणसं उठून बघायला लागली. “मग मी काय येडा आहे राजीनामा द्यायला?”

आरवाडे हसले नाहीत. ते स्टुलावर बसले होते, चोवीस वर्षांच्या पोरासारखे. “पण साहेब, आता माझं काय होणार?”

“ते मला कसं कळणार? मी मागचा माणूस. तुझ्या पुढच्यातलं कोणी आलंय का?”

“अजून तरी नाही.”

“हं,” मगदूम साहेब म्हणाले आणि त्यांनी आरवाडेंच्या पाठीवर हात ठेवला. बस येईपर्यंत तो त्यांनी काढला नाही.

परत गेल्यावर मगदूम साहेबांनी राजीनामा दिला नाही. वय पूर्ण होऊन निवृत्त झाले. त्यांना नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, त्याचा फोटो ऑफिसात आहे. आरवाडेंना आमराईतला बाकही आठवतो आणि हा निरोपसमारंभही. मला फक्त समारंभ आठवतो, बाकाचं मी आरवाडेंकडून ऐकलंय.

आरवाडेंनी त्यानंतर रजा मागितली नाही. बाकीचे जात राहिले. आरवाडे बटण सावकाश दाबत राहिले आणि मागच्या गेटला बसचा आवाज झाला की मान वर करून बघत राहिले. उतरायचे ते आमचेच लोक.

उन्हाळ्यात एका दुपारी बसमधून एक बाई उतरल्या. साठीच्या जवळच्या, आखूड पांढरे केस, खांद्याला पिशवी. त्या सरळ खरेदी विभागात आल्या आणि आरवाडेंच्या शेजारच्या रिकाम्या टेबलावर त्यांनी तळहात फिरवला. ते टेबल केतकी शिरगुप्पेचं. ती वर्षभरापूर्वी नोकरीला लागलेली मुलगी, त्या दिवशी कोइमतूरला गेली होती.

“सर,” बाई म्हणाल्या, “ओळखलंत का?”

आरवाडे उभे राहिले. “केतकी?”

“रजेवर आलेय.” त्यांनी इकडेतिकडे बघितलं. प्रिंटर अडकला होता, चौगुले कुणावर तरी खेकसत होते, पंखा कुरकुरत होता. बाईंचे डोळे भरून आले. “या सालाला फार गर्दी असते हो. मला तिसऱ्या खेपेला मिळालं.”

“या सालाला?” आरवाडे म्हणाले.

“किती निवांत होतो ना आपण,” केतकीबाई म्हणाल्या आणि आपल्या खुर्चीत टेकल्या.

आरवाडेंनी पुढचं काही विचारलं नाही. त्यांनी चहा सांगितला.