व्याह्यांची बासुंदी

आमच्या जळगावच्या नगरपालिकेतले आरोग्य निरीक्षक नाना माशीचीसुद्धा चौकशी करत. हलवायाच्या थाळीवर माशी दिसली, की काठी टेकून विचारीत, "शेठ, ही माशी याआधी कुठं बसली होती?" मग नानाच उत्तर देत, आणि ते इतकं तपशीलवार असे, की गिऱ्हाईक हातातली जिलबी ठेवून निघून जाई. उघडा माल पुन्हा विकला जाऊ नये म्हणून त्यावर ते पिशवीतलं फिनेल ओतत.

मी त्याच कचेरीत कारकून. माझ्याकडे ते चहा घेत, पण आधी स्वयंपाकघरात डोकावून. बायको म्हणे, "यांना चहाला बोलावता की तपासणीला?" आम्ही हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

नानांची बायको केव्हाच गेलेली. एकुलती एक यमू धुळ्याला दिली. लग्नानंतरच्या सत्यनारायणाला मीही नानांबरोबर गेलो होतो. व्याह्यांच्या अंगणात बासुंदीचं पातेलं उघडं होतं. पंगत बसत होती. नानांचा हात सवयीनं पिशवीत गेला. धुळं आपल्या हद्दीत नाही, असं मी म्हणेपर्यंत बाटली रिकामी झाली होती.

तेव्हापासून यमूला माहेरी धाडणं बंद झालं. आखाजीला साऱ्या खानदेशातल्या लेकी माहेरी येतात, झोके घेतात. नानाही अंगणातल्या लिंबाला झोका बांधत आणि चार दिवसांनी सोडून ठेवत. अशी तीन वर्षं गेली.

चौथ्या आखाजीच्या तोंडावर ते मला घेऊन सर्व्हिस मोटारीनं धुळ्याला गेले. पिशवी घरीच ठेवली होती. व्याह्यांनी आम्हांला मुद्दाम ओट्यावर जेवायला बसवलं. आमरसाचं पातेलं शेजारीच उघडं, वर माश्या घोंघावत होत्या. नानांनी वाटी संपवली, दुसरी मागून घेतली. "रस फार गोड झालाय," म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग त्यांनी हात जोडून लेकीला चार दिवस मागितलं. व्याही सुपारी कातरत राहिले. शेवटी म्हणाले, "पुढला साल देखूत."

आता उठायचं, एवढंच उरलं होतं. पण वाढायला यमूच होती. नानांनी वाटी तिसऱ्यांदा पुढं केली.

तिचा हात थबकला. पदर सावरत ती वडिलांना हळूच म्हणाली, "आबा, तुम्हाले बरं नही का?"

"बरा शे, माय," नाना म्हणाले. "वाढ. सावकाश वाढ."