मेलेला उंट पटावर

"आई, बाबांवाचून तुझं नक्की काय अडतं गं?"

प्रश्न खरं तर मैत्रिणींचा होता. मधल्या सुट्टीत त्यांनी पैजच लावली. "वर्गप्रतिनिधी झालीस म्हणून घरी पण बोलता येतंय का बघू! विचारून दाखव!" आता तोंड उघडण्याच्या बाबतीत भोंग्याला आव्हान द्यायचं म्हणजे कमालच झाली. तिला घरात भोंगा म्हणत ते काही उगाच नाही.

आई पडदा धुवायला काढत होती. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची, त्यामुळे तिच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे. तिने पडद्याआडून लेकीकडे एकदा पाहिलं.

"काय अडायचंय? स्टुलावरचा पाय खाली घे." आणि पडद्याचं बोचकं घेऊन ती बाल्कनीत निघून गेली.

हे काय उत्तर झालं? भोंग्याने रागारागाने पाय खाली घेतला. त्या झटक्यात स्टूल आडवं झालं आणि स्टुलावरचा बुद्धिबळाचा पट सगळ्या फौजेनिशी जमिनीवर आला. राजा कपाटाखाली, घोडा चपलेत.

भोंग्याने आधी बाल्कनीकडे पाहिलं. कारण हा पट म्हणजे साधासुधा पट नव्हता. बाबा चार वर्षांपूर्वी परदेशात बाटल्यांच्या कारखान्यात यंत्रदुरुस्तीला गेले, तेव्हा जाताना हुबेहूब असाच दुसरा पट बॅगेत घालून घेऊन गेले होते. लग्न झालं तेव्हा त्यांनीच आईला खेळायला शिकवलं होतं. आता रोज संध्याकाळी फोन यायचा, आई इकडे एक चाल करायची, बाबा तिकडे एक करायचे आणि दोघं दोन्ही पटांवर दोन्ही चाली लावायची. चार वर्षांत कितीतरी डाव झाले, पण हा डाव मात्र महिनोन्‌महिने संपतच नव्हता.

आणि आत्ताच तो मोडून चालणार नव्हतं. आणखी दोन वर्षं राहता का, असं कंपनीने बाबांना विचारलं होतं. उत्तर उद्या द्यायचं होतं. यावर आईबाबांचं आठवडाभर एकच चाललेलं. ती म्हणे, "तुम्ही ठरवाल ते." ते म्हणत, "तू म्हणशील तसं." अशा वेळी डाव मोडला, आणि बाबांना वाटलं की इकडे आता आपल्या पटाकडेसुद्धा कुणाचं लक्ष नाही, तर? राहिले की तिकडेच!

भोंग्याला बुद्धिबळातलं काडीचं कळत नव्हतं, पण आत्मविश्वास मात्र उतू जात होता. तिने भराभर सोंगट्या उचलल्या आणि मांडल्या. कडेच्या वाडग्यात मारलेल्या सोंगट्या असायच्या, त्याही सांडल्या होत्या. म्हणून त्यांनाही तिने पटावर जागा दिली. प्यादी ओळीत उभी केली, घोड्यांची तोंडं एका दिशेला केली. पट पहिल्यापेक्षा कितीतरी टापटीप दिसायला लागला.

संध्याकाळी फोन आला. भोंग्याने तो फुलदाणीला टेकवून ठेवला. फोनच्या पडद्यावर बाबांचं कपाळ आणि थोडंसं छत दिसू लागलं.

"काय गं भोंग्या, शाळा काय म्हणते?"

"मस्त! बाबा, तुमची चाल!" भोंगा घाईघाईने म्हणाली.

"हां. माझा हत्ती सरळ पुढे. घोडा गेला तुझा!"

हत्तीच्या वाटेत भोंग्याने हौसेने उभी केलेली चार प्यादी होती आणि वाटेच्या टोकाला घोडा नव्हताच, तिथे आईचाच राजा बसला होता. भोंग्याने डोळे मिटून घेतले.

"बरं," आई शांतपणे म्हणाली आणि एक भलताच घोडा उचलून वाडग्यात टाकला. "मग माझा उंट तिरका."

"अरे बाप रे!" बाबा म्हणाले. "थांब, विचार करू दे."

तो उंट तर गेल्या महिन्यात मेला होता! भोंग्याला चांगलं आठवत होतं, बाबांनी तो मारला तेव्हा गाणं म्हटलं होतं. मग आता त्यांना त्याचं काहीच कसं वाटलं नाही? पाच मिनिटं नुसतं "हं... हं..." ऐकू येत राहिलं. आई तेवढ्यात नळ सोडून भांडी घासायला लागली.

भोंग्याला राहवेना. "बाबा, आई म्हणतेय तिची चाल बदलायची आहे. उंट सरळ चार घरं!"

उंट सरळ जात नाही, एवढं तर तिलाही ठाऊक होतं. बाबांनी मात्र पुन्हा हुंकार दिला.

"वा! ही चाल मला सुचलीच नव्हती बघ."

"बाबा! तुमचा पट दाखवा!"

"पट ना... इथे जरा उजेड कमी आहे गं."

"तुमच्या टकलावर तर चांगला चमकतोय!"

नळ बंद झाला. आई हात पुसत पुढे आली. "दाखवा हो."

फोन हळूहळू वळला. अरुंद खोली, टेबल, टेबलावर पट. पटावर इस्त्री आणि तिच्यावर वाळत घातलेले मोजे. सोंगटी औषधालाही नव्हती.

"खोली बदलली ना गेल्या उन्हाळ्यात," कॅमेऱ्याच्या मागून आवाज आला. "तेव्हा सोंगट्यांची पिशवीच हरवली. तेव्हापासून मी आपला... मनाने खेळतोय."

"म्हणजे इतके महिने थापा?" भोंगा कडाडली. "आणि आई बिचारी इकडे..."

"आई बिचारी काही नाही," आई म्हणाली. "यांनी स्वतःचाच वजीर दोनदा मारला, तेव्हाच मला कळलं होतं. आणि तू आज काय दिवे लावलेस तेही कळलं. घोड्यांची अशी परेड बुद्धिबळात नसते, बाळा."

"मग बोलली का नाहीस?"

आई खुर्चीवर बसली. फोनमध्ये पुन्हा बाबांचं कपाळ आलं.

"बोलली असती तर डाव संपला असता," बाबाच म्हणाले. "मग फोनवर काय बोलायचं? जेवलीस का, हो, ठेवू का. तीन वाक्यांत संपतात गं नवरा-बायको. डाव असला की विचार करायच्या नावाखाली फोन तासभर चालू राहतो. मला नळाचा आवाज येतो. तुझा आरडाओरडा येतो. तुझी आई कपाटाचं दार आपटते, तेही येतं. मी इथे टेबलापाशी नुसता बसून असतो."

"मी मुद्दाम आपटते," आई एकदम म्हणाली. "तुम्हाला ऐकू जावं म्हणून."

आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला, तरी तिला नीट दिसत नसावं. पलीकडे कपाळ तेवढं हलत होतं.

"मग उद्या कंपनीला काय सांगू?" शेवटी बाबांनी विचारलं.

"तुम्ही ठरवाल ते," आई म्हणाली.

"तसं नाही, तू म्हणशील..."

"बास!" भोंगा एवढ्या जोरात ओरडली की फुलदाणीला टेकवलेला फोन उताणा पडला. तिने तो उचलला, एका हाताने आईला जवळ ओढलं आणि दोघींचे चेहरे कॅमेऱ्यात बसवले.

"तुम्हा दोघांना जन्मात ठरवता येणार नाही, म्हणून मी ठरवलंय. बाबा, कंपनीला 'नाही' म्हणून सांगायचं आणि तिकीट काढायचं. हा माझा निर्णय आहे. तुमची काही हरकत असेल तर ती इथे, या खोलीत येऊन, माझ्यासमोर बसून घ्यायची. फोनवरून घेतलेली हरकत चालणार नाही!"